तारणें आणि बरें करणें

एका भाषेंतील एकच शब्द दुसऱ्या भाषेंत दोन होऊन येतो, तेव्हां भाषांतरकाराची जी ओढाताण होते ती बहुधा त्याची त्यालाच ठाऊक असते. परंतु क्वचित् ती लेखणीपुरती राहत नाहीं. तींतून पंथ निघतात, अंथरुणास खिळलेलीं माणसें आशेनें उठून बसतात, आणि कांहींचीं मनें कायमचीं दुखावतात. नव्या करारांतील 'सोझो' हें ग्रीक क्रियापद या जातीचें आहे. बुडत्यास वांचविणें, रोग्यास बरें करणें आणि पाप्यास तारणें, हे तिन्ही अर्थ त्याच्या पोटांत सुखानें नांदतात. मराठींत मात्र वैद्य बरें करतो आणि देव तारतो. दोहोंचीं कामें आपल्या भाषेनें केव्हांच वांटून दिलीं आहेत.

आम्ही ख्रिस्ती नाहीं. पण शुभवर्तमानें वाचण्याची गोडी आम्हांस फार वर्षांपासून आहे. श्रद्धेनेंच तुझी सुटका झाली, या आशयाचें एकच ग्रीक वाक्य तेथें येशूच्या तोंडीं चार निरनिराळ्या माणसांना उद्देशून आलेलें आहे. पहिली, बारा वर्षें रक्तस्रावानें पिडलेली एक बाई. वैद्यांच्या पायीं तिनें होतें नव्हतें तें घालविलें होतें. दुसरा, यरीहोच्या वाटेवरचा आंधळा भिकारी. हीं दोघें तर उघडच रोगी. तिसरी, गांवांत बदनाम झालेली एक स्त्री. परूशाच्या घरीं पंगत बसली असतां ती न बोलावतां आंत येते, आसवांनीं येशूचे पाय भिजविते आणि आपल्या केसांनीं पुसते. तिला आजार कसलाच नाहीं. चौथा, एक शोमरोनी कुष्ठरोगी. आणि त्याची गोष्ट सर्वांत नवलाची. रोग गेला तो दहा जणांचा. त्यांतले नऊ आपापल्या वाटेनें गेले आणि हा परका तेवढा मागें फिरून पायां पडला. दहांचें बरें होणें सांगतांना लूकनें दुसरींच क्रियापदें योजिलीं आहेत; 'सोझो' त्यानें राखून ठेवलें तें या एकासाठीं, आणि तेंही त्याची कातडी स्वच्छ झाल्यानंतर!

आतां भाषांतरकारानें करावें काय? पहिल्या दोघांना 'बरें केलें' म्हणावें, तिसरीला 'तारलें' म्हणावें, तर वाचकास हें वाक्य एकच आहे याचा पत्ता लागत नाहीं. सर्वत्र 'तारलें' म्हणावें, तर आंधळ्याच्या डोळ्यांचें काय झालें तें मागें पडतें. शरीर आणि आत्मा यांना येशूचे समकालीन आपल्याइतके वेगळे काढीत नसत, हें या अडचणीचें खरें मूळ होय.

दुखणें हें पापाचें फळ, ही समजूत कांहीं आपल्याच देशाची मिरास नव्हे. जन्मांध मनुष्य पाहून शिष्यांनीं येशूला विचारलें कीं, पाप याचें कीं याच्या आईबापांचें? पूर्वजन्म सोडला तर हा प्रश्न आपल्या आजीनेंही असाच विचारला असता. येशूनें दोन्ही पर्याय नाकारले. गुरूनें नाकारलेली ही समजूत पुढें त्याच्याच अनुयायांच्या घरीं मागील दारानें कशी शिरली, तें पाहण्यासारखें आहे.

याकोबाच्या पत्रांत आजाऱ्यासाठीं मंडळीच्या वडिलांना बोलवावें, त्यांनीं तेल लावून प्रार्थना करावी, असा विधि सांगितला आहे. तेथेंही क्रियापद 'सोझो'च. हें तेल रोग्यानें उठावें म्हणून होतें. मध्ययुगांत पश्चिमेकडील चर्चमध्यें तें मरणाच्या दारीं लावण्याचें तेल बनलें, आणि पुरोहित तेल घेऊन आला कीं घरच्यांनीं आशा सोडावी अशी स्थिति झाली. १९६२ ते १९६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें तें पुन्हां रोग्यांच्या उशाशीं आणलें. सुधारणावादी कॅल्विन तर बरें करण्याची देणगी प्रेषितांच्या काळापुरतीच होती, असें मानून मोकळा झाला.

एकोणिसाव्या शतकांत वारा फिरला. जर्मनींत ब्लुमहार्ट नांवाच्या पाद्र्याचें घर, अमेरिकेंत गॉर्डनचें १८८२ चें पुस्तक, आणि विशेषतः ए. बी. सिम्पसन. हा हृदयाच्या विकारानें खंगलेला उपदेशक १८८१ सालीं प्रार्थनेनें आपण बरे झालों असें मानूं लागला, आणि तारणारा, पवित्र करणारा, बरें करणारा व पुन्हां येणारा राजा असा ख्रिस्ताचा चौपदरी उपदेश त्यानें मांडला. त्याच्या संस्थेचे मिशनरी आपल्या वऱ्हाडांत, अकोल्यास, येऊन राहिले. म्हणून हा वाद मराठी घरांना परका नाहीं. या पक्षाचा आधार यशयाच्या ग्रंथांतील दुःख सोसणाऱ्या सेवकाचें वर्णन हा आहे. त्यानें आमचे रोग वाहिले, आणि मत्तयानें तें येशूला लावलें. तेव्हां वधस्तंभावर पापाबरोबर रोगाचाही भार उचलला गेला, आणि क्षमा जशी मागतांच मिळते तसें आरोग्यही मागतांच मिळालें पाहिजे.

तर्क सरळ आहे, आणि म्हणूनच निर्दय आहे. कारण आरोग्य मिळालें नाहीं तर?

आमच्या शेजारीं एक निवृत्त ख्रिस्ती शिक्षक राहत असत. त्यांना अर्धांगवायु झाला. बाहेरगांवाहून आलेल्या एका उपदेशकानें त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि औषध घेणें म्हणजे अविश्वास, असें बजावलें. बाटल्या फडताळांत गेल्या. महिना झाला, दोन झाले, हात हालेना. उपदेशक पुन्हां आले तेव्हां श्रद्धेंत कोठें तरी खोट आहे म्हणाले. आम्ही संध्याकाळीं जाऊन बसत असूं. एके दिवशीं मास्तर जड जिभेनें आम्हांस म्हणाले, "हाताचं काही नाही हो. पण ज्या श्रद्धेनं हात हलत नाही, त्या श्रद्धेनं माझी पापं तरी कशी धुतली असतील?" चाळीस वर्षांची निश्चिंती त्या माणसापासून कुणी काढून घेतली होती. लुळा हात त्यापुढें खरोखरच कांहीं नव्हता.

त्यांच्या मुलीनें बाटल्या परत खालीं काढल्या. त्यांच्या चर्चचे वृद्ध पाळक मात्र वाद न घालतां पौलाचीं पत्रें घेऊन बसूं लागले. पौलाच्या देहांत कसला तरी कांटा होता. तो निघावा म्हणून त्यानें तीनदां विनविलें, आणि तो निघाला नाहीं. तीमथ्याच्या पोटासाठीं तो थोडा द्राक्षारस घ्यावयास सांगतो, हात ठेवून मोकळा होत नाहीं. त्रफिमाला तर आजारी अवस्थेंतच मिलेतांत सोडून पुढें जातो. त्यांच्यापैकीं कोणाच्या तारणाविषयीं पौलास शंका आल्याचें दिसत नाहीं. मास्तर पुढें दोन वर्षें जगले. हात तसाच राहिला. तो प्रश्न त्यांनीं आम्हांस पुन्हां विचारला नाहीं.

याचा अर्थ देवाजवळ आरोग्य मागूंच नये असा आम्हीं घेत नाहीं. वांद्र्याच्या मोतमाउलीपुढें मेणाचे हात, पाय वाहणारी माणसें आम्हीं पाहिलीं आहेत. त्यांत हिंदूही पुष्कळ असतात, आणि आपल्याकडील नवसाहून तें भावनेनें निराळें नाहीं. मागणारा तेथें हिशेब घालीत नाहीं. लुर्दचीही गोष्ट घ्या. तेथें १८५८ पासून लाखों रोगी गेले. चर्चनें कठोर तपासणीनंतर चमत्कार म्हणून मान्य केलेले प्रसंग सत्तरांच्या थोडे वर आहेत. बाकीच्यांना कुणी अश्रद्ध ठरविलें नाहीं. जिला तेथें दर्शन झालें ती बर्नादेत स्वतः १८७९ सालीं वयाच्या पस्तिसाव्या वर्षीं क्षयानें वारली, आणि त्याच चर्चनें तिला संतपद दिलें. तारण आणि आरोग्य यांची गांठ आहे, पण ती कर्जाच्या रोख्यासारखी नाहीं, इतकें तरी यावरून दिसतें. मिरजेस वॉन्लेस यांनीं १८९४ सालीं रुग्णालय उघडलें तें याच धर्माच्या प्रेरणेनें, आणि तेथें प्रार्थनेनंतर शस्त्रेंही चालत.

हें लिहितांना पंडिता रमाबाईंची आठवण राहून राहून होते. १८८३ सालीं त्या इंग्लंडास गेल्या त्या वैद्यक शिकण्याच्या हेतूनें. कानांच्या दोषामुळें तो मार्ग बंद झाला, आणि तो दोष पुढें वाढतच गेला. केडगांवच्या आपल्या संस्थेस त्यांनीं नांव दिलें 'मुक्ति'. तेथेंच त्या हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल मराठींत आणीत बसल्या. १९२१ सालीं एकुलती कन्या मनोरमा गेली, १९२२ च्या एप्रिलांत त्या स्वतः गेल्या. ग्रंथ १९२४ सालीं बाहेर पडला. त्या बहिऱ्या बाईंच्या मेजावर ही रक्तस्रावाची बाई, हा आंधळा, ही बदनाम स्त्री आणि हा परत फिरलेला कुष्ठरोगी एकामागून एक येऊन गेले असले पाहिजेत, आणि प्रत्येकापाशीं लेखणी क्षणभर थांबली असली पाहिजे.