होम की प्रो?

धर्माबाद हे तेलंगणाच्या सीमेवरचं गाव. बाजारात लाल मिरचीचे ढीग, कानावर मराठी, तेलुगू आणि दखनी. निजामाच्या काळातले जुने कागद उर्दूत, आजचा सातबारा मराठीत आणि सोयरीक निजामाबादेत. अशा गावात दोन-तीन लिप्या टाइप करता येणाऱ्या माणसाला काम कमी पडत नाही.

माझी भाची हे काम घरी बसून करते. पदरी दोन लहान मुलं, त्यामुळे बाहेर दुकान थाटणं तिला जमणारं नव्हतं. तिचा जुना संगणक विंडोज १० वर चालायचा. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्या प्रणालीची नियमित देखभाल कंपनीने थांबवली आणि नवा लॅपटॉप घेणं भाग पडलं. भिशीचा नंबर लागला होता, पण रक्कम मोजकीच. विक्रेता म्हणाला, "धंद्याचं काम आहे ना? मग प्रो घ्या. होम घरच्यांसाठी असतं." तिनं मला विचारलं, "मामू, होम लेना की प्रो?"

ही जोडी तशी जुनी. २५ ऑक्टोबर २००१ ला विंडोज एक्सपी आली, तीच होम आणि प्रोफेशनल अशा दोन नावांनी. फरक तेव्हाही मुख्यतः कचेरीच्या सोयींचा होता. आज विंडोज ११ मध्येही प्रो घेतलं तर संगणक कंपनीच्या जाळ्यात जोडता येतो, दूर बसून दुसऱ्या संगणकावरून तो चालवता येतो, अनेक यंत्रांना एकच शिस्त लावता येते. जिथं एकच यंत्र आणि एकच चालवणारी, तिथं या सोयींचं काय करायचं?

एक मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. तिच्याकडे गावातल्या लोकांच्या आधार कार्डांच्या, जमिनीच्या कागदांच्या प्रती असतात. लॅपटॉप चोरीला गेला तर? लोकांची ती अमानत आहे. प्रो मध्ये यासाठी बिटलॉकर आहे. पण बहुतेक नव्या लॅपटॉपवर होममध्येही डिस्क कुलूपबंद करण्याची साधी सोय मिळते. खात्याने प्रवेश करून ती चालू आहे ना, एवढं पाहावं लागतं. देवनागरी दोन्हींत सारखीच चालते. उर्दूचा नस्तलीक फॉन्टही दोन्हींत जादा पैसे न देता उतरवून घेता येतो.

शेवटची गोष्ट हिशेबाची. होमवरून प्रोवर पुढे कधीही जाता येतं. फरकाचे पैसे भरले की फायली जागच्या जागी राहतात. उलट यायचं तर सगळं पुसून नव्यानं बसवावं लागतं. म्हणून आज होम घ्यावं, असं मी सांगितलं. उरलेल्या पैशांत तिनं बाहेरची हार्ड डिस्क घेतली. आता रोज रात्री कामाची एक प्रत त्यात जाते.

विक्रेत्याचं वाक्य मात्र मनात राहिलं. आपल्या वस्तीत शिवण, पापड, शिकवणी, टायपिंग, किती घरांच्या चुली बायकांच्या अशा कामावर पेटतात! ते घरात होतं म्हणून त्याला कुणी धंदा म्हणत नाही. लॅपटॉपवर होम लिहिलेलं असो, तिच्या पावतीपुस्तकावर तिचं स्वतःचं नाव छापलेलं असावं, एवढं मात्र मी तिला आग्रहानं सांगितलं.