होय की नाही?

रात्री दोन वाजता मला कुणी प्रश्न विचारला तर मी उत्तर देऊ शकत नाही. त्या वेळी मी गाढ झोपेत असतो, आणि सौ.चे म्हणणे खरे मानायचे तर घोरतही असतो. पण यंदा जूनच्या सुरुवातीपासून थेट राखीपौर्णिमेच्या तोंडापर्यंत माझ्याच घरात, माझ्याच टेबलावर, रात्री दोनच्या ठोक्याला मला एक प्रश्न विचारला जात होता, आणि विचारणारा उत्तराची वाट पाहत बसून राहत होता, हे मला फार उशिरा कळले.

विचारणारा माणूस नव्हता. तो आमचा संगणक होता.

त्याचे असे झाले. मी कॉलेजात मराठी शिकवतो. रविवारी आणि सुट्टीत नगर जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतून हिंडायचे आणि म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या म्हणवून घेऊन त्या फोनमध्ये मुद्रित करायच्या, हा माझा गेल्या काही वर्षांचा नाद आहे. दळण गिरणीत गेले त्याला किती वर्षे झाली! जाती आता अंगणाच्या कडेला पडून असतात, नाही तर तुळशीच्या कट्ट्यात बसवलेली दिसतात. पण सत्तरी-ऐंशीच्या बायकांच्या गळ्यात ओव्या अजून आहेत. पहिली यावी लागते, मग मागून माळेसारख्या बाकीच्या येतात. हे मुद्रण मी घरी आल्यावर संगणकात घालतो आणि फोनमधले पुसून टाकतो, कारण माझ्या फोनचे पोट लहान आहे.

एवढे धन एकाच घरात ठेवू नये म्हणून पुण्याला नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने एक व्यवस्था करून दिली होती. पुण्यातल्या एका भाड्याच्या यंत्रावर थोडी जागा घेतली. रोज रात्री दोन वाजता माझ्या संगणकाने दिवसभरातल्या नव्या फाइली तिकडे पोचवायच्या. त्यासाठी काळ्या पडद्यावर हुकूम टंकून चालवायचा एक छोटा कार्यक्रम असतो. तो हुकूम रोज कोण टंकणार? म्हणून भाच्याने सगळे हुकूम एका फाइलीत ओळीने लिहून ठेवले. कामाच्या बाईंसाठी आपण ओट्यावर चिठ्ठी ठेवून बाहेर जातो ना, तसेच. तिला ते लोक स्क्रिप्ट म्हणतात. दोन वाजले की संगणकातला वेळापत्रकाचा कारकून ती चिठ्ठी उघडतो आणि एकेक ओळ अंमलात आणतो.

"मामा, तुम्ही फक्त संगणक चालू ठेवा. बाकी सगळं आपोआप," भाचा म्हणाला होता.

'आपोआप' हे अव्यय मी वर्गात अनेक वर्षे शिकवीत आलो आहे. त्यात 'आप' दोनदा येतो, पण आपण त्यात एकदाही नसतो, हे कधी माझ्या लक्षात आले नव्हते.

श्रावणात एका संध्याकाळी वीज गेली, आली, पुन्हा गेली, आणि माझ्या संगणकातल्या तबकडीने टक् टक् असा आवाज सुरू केला. दुरुस्तीवाल्याने कान लावून ऐकले आणि डॉक्टरांनी बाहेर येऊन मान हलवावी तशी मान हलवली. मी मनात हसलो. सगळे पुण्याला सुखरूप आहे! राखीपौर्णिमेला बहीण आली, तिच्याबरोबर भाचा आला. त्याने स्वतःच्या संगणकावरून पुण्याचे यंत्र उघडले आणि बराच वेळ काही बोलला नाही. नंतर म्हणाला, "मामा, शेवटची फाइल जूनच्या पहिल्या आठवड्यातली आहे."

कारण सापडायला तासभर लागला. जूनमध्ये पुण्याकडच्या मंडळींनी जुने यंत्र काढून नवे बसवले होते. नाव तेच, पत्ता तोच. पण अशा प्रत्येक यंत्राला स्वतःचा एक ठसा असतो, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखा, तो मात्र नवा. माझ्या संगणकाने जुना ठसा जपून ठेवला होता. दार उघडणारा आता त्याच नावाचा, पण निराळ्या अंगठ्याचा निघाला. तेव्हा कार्यक्रमाने योग्य तेच केले. तो थांबला आणि त्याने विचारले: हा इसम ओळखीचा दिसत नाही, पुढे जाऊ? होय की नाही?

त्याच सुमारास आमच्या गावाची गंमत नेमकी उलटी चालली आहे. २०२४ साली अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. नाव नवे, पण माळीवाडा तोच, भुईकोट किल्ला तोच आणि रस्त्यातले खड्डेही ठशाइतकेच पक्के. आम्हाला ओळखायला कुणाला अडचण पडत नाही. यंत्राला पडते, कारण त्याचा नावावर विश्वास नसतो.

प्रश्न योग्य होता. पण तो विचारला कुठे? वेळापत्रकाचा कारकून काम करतो ते पडद्याआडच्या खोलीत. तिथे ना पडदा दिसतो, ना कळफलक पोचतो. त्या अंधाऱ्या खोलीत प्रश्न उमटला आणि कार्यक्रम उत्तरासाठी उभा राहिला. पुण्याच्या यंत्राच्या नोंदवहीत भाच्याला दिसले, की पलीकडच्याने दोन मिनिटे वाट पाहून दार लावून घेतले. अलीकडचा मात्र उभाच. एक काम संपल्याशिवाय त्याच कामाचा दुसरा फेरा कारकून सुरू करीत नाही, म्हणून पुढच्या रात्री रिकाम्या गेल्या. तीन दिवस झाले की रेंगाळलेले काम बंद पाडायचे असा त्याचा नियम. तो बंद पाडी, आणि पुढल्या दोनच्या ठोक्याला नवा कार्यक्रम जाऊन त्याच जागी उभा राही. अधूनमधून मी कामांची यादी उघडून पाही, तेव्हा या कामापुढे 'रनिंग' असे लिहिलेले दिसे. ते खोटे नव्हते. वाट पाहणे हेही कामच की!

मला भाच्याचा राग आला, मग संगणकाचा आला. बहिणीने पुरणपोळी वाढली तेव्हा जरा उतरला.

या प्रश्नांचा इतिहास त्याने मला जेवताना सांगितला आणि पुढे मी आवडीने वाचला. दोन दूरच्या संगणकांनी एकमेकांना फाइली कशा द्याव्यात याचे पहिले नियम १९७१ च्या एप्रिलमध्ये लिहिले ते अभय भूषण या आपल्या माणसाने. कानपूरच्या आयआयटीतून शिकून ते अमेरिकेत एमआयटीला गेले होते. तेव्हा जाळ्यात संगणक थोडे आणि माणसे एकमेकांच्या ओळखीची, म्हणून परवलीचा शब्द तारेवरून उघडाच जाई. आमच्या जिल्ह्यातल्या वाचकाला हे पटकन कळेल. नेवासे तालुक्यातल्या शनिशिंगणापुरात घरांना दारे नसतात. २०११ साली युको बँकेने तिथे शाखा उघडली तीसुद्धा कुलपाविना. ती पहिली संगणकसृष्टी अशीच एक शिंगणापूर होती. फक्त तिथे शनिमहाराज नव्हते. पुढे १९९५ साली हेलसिंकीच्या विद्यापीठाच्या जाळ्यात कुणी तरी चोरून परवलीचे शब्द टिपले, आणि तिथल्या तातू यलोनेन नावाच्या संशोधकाने ठसा तपासणारी, सगळे बोलणे गुप्त लिपीत करणारी नवी रीत काढली. दार आले. दार आले म्हणजे "कोण आहे?" हेही आले.

जुन्या कार्यक्रमांनाही प्रश्न विचारायची खोड होतीच. शंभर फाइली पाठवायच्या म्हटल्या तर तो प्रत्येक फाइलीला थांबून विचारी, ही पाठवू? पंगतीत एखादा वाढपी प्रत्येक पुरीला "वाढू?" म्हणून विचारतो आणि आपला घास तोंडातच राहतो, तसा प्रकार. माणूस समोर असला तर हा आग्रह म्हणायचा. चिठ्ठी वाचून काम करणाऱ्याला मात्र पहिल्याच पुरीला पंगत संपते.

यावर लोकांनी दोन उपाय काढले आहेत. पहिला होयबाचा. युनिक्स नावाच्या प्रणालीत 'येस' नावाचा एक हुकूमच आहे. तो दिला की थांबवीपर्यंत ओळीमागून ओळ 'होय, होय' म्हणत राहतो. त्याचे तोंड दुसऱ्या कार्यक्रमाच्या कानाला लावले की कुठलाही प्रश्न अडत नाही. ठसा तपासणारे काही कार्यक्रम धूर्त आहेत. हे असे मागल्या दाराने आलेले उत्तर ते घेतच नाहीत, प्रत्यक्ष कळफलकावरूनच मागतात. मग त्यांच्यापुरती निराळी सोय आहे: ठसा जुळो न जुळो, विचारूच नकोस, असे आधीच सांगून टाकायचे.

"करू का तसं?" भाच्याने विचारले. "पुन्हा कधी अडणार नाही."

मी हो म्हणणार होतो. पण आयुष्य पोथ्या वाचण्यात गेलेल्या माणसाला असल्या होकाराची भीती वाटते. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशात ज्ञानेश्वरी सिद्ध झाली तेव्हा लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा समोर बसलेले होते. अक्षर नीट ऐकू आले नाही तर विचारायची सोय होती. पुढे नकलेवरून नक्कल होत गेली. नकलणाऱ्याला शंका आली तर विचारायला कुणी नव्हते, आणि वाट पाहत बसायला वेळ नव्हता. मग तो स्वतःलाच विचारी आणि स्वतःच "असेच असेल" म्हणून पुढे जाई. असे हात मूळ ग्रंथावरून इतके फिरले की शके १५०६ मध्ये एकनाथांना बसून ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत करावी लागली. ज्याने त्याने आपल्या शंकेला परभारे 'होय' दिला, त्याची भरपाई जवळजवळ तीनशे वर्षांनी एका संताला करावी लागली. माझ्या फाइलींसाठी एकनाथ कुठून येणार?

दुसरा उपाय मला बरा वाटला. हुकुमात 'बॅच' हा एक शब्द घातला की कार्यक्रम प्रश्न विचारीतच नाही. विचारण्याची वेळ आली तर काम तिथेच सोडून नकार देतो. तो नकार वहीत लिहिला जाईल आणि सकाळी मला तसा निरोप येईल, अशी योजना भाच्याने करून दिली. नव्या यंत्राचा ठसाही त्याने पुण्याच्या मंडळींना फोन लावून एकेक अक्षर वाचून जुळवून घेतला. तो त्याने त्या रात्रीच्या कारकुनाच्याच नावाने नोंदवला. कारण ओळख ज्याची त्याने करून घ्यायची असते, मी ओळखतो म्हणून माझा कारकून ओळखत नाही. मला हे फार आवडले. आता आठवड्यातून एखादे वेळी सकाळी "जमले नाही" असा निरोप येतो, तेव्हा चहा अधिक गोड लागतो.

पण दोन महिन्यांचे गेले ते गेले. त्यात तीन गावे होती आणि माझी आत्या होती.

आत्या नेवासे तालुक्यात प्रवरेच्या काठाजवळ एका खेड्यात राहते. वय पंच्याऐंशीच्या पुढे. शिंगणापूर जवळ असले तरी तिच्या घराला भक्कम दार आहे, आणि त्यावर थाप पडली की "कोण?" असे विचारल्याशिवाय तिने ते जन्मात उघडले नाही. जूनमध्ये मी गेलो तेव्हा ती चाळीस मिनिटे अखंड म्हणत होती. पंढरीच्या ओव्या झाल्या, माहेराच्या झाल्या, भावाच्या झाल्या. तो भाऊ म्हणजे माझे वडील. मी सवयीने ओव्यांचे शब्द वहीत उतरून घेतले होते, तेवढे राहिले. तिचा आवाज तबकडीबरोबर गेला. जून ते भाद्रपद एवढ्या दिवसांत आत्याचेही काही तरी गेले. तिचा मुलगा फोनवर म्हणाला, "या, पण ओळखंल असं नाही."

पितृपक्षातल्या एका रविवारी गेलो. दार उघडेच होते. आत्या जात्याजवळ भिंतीला टेकून बसली होती.

"कोण रे?"

मी नाव सांगितले, वडिलांचे नाव सांगितले. तिने मान डोलवली, पाणी विचारले. जरा वेळाने माझ्याकडे निरखून पाहत पुन्हा विचारले, "कोण रे तू?" मी पुन्हा सांगितले. तिचा मुलगा संकोचून म्हणाला, "दिवसभर असंच चालतं. आम्ही शेतात असलो की एकटीच दाराकडं बघून विचारीत बसते." मी काही बोललो नाही. फोन काढून जात्याच्या पाळीवर ठेवला आणि म्हटले, "आत्या, भावाच्या ओव्या म्हण."

तिने जात्यावर हात ठेवला आणि सुरू केली. आवाज बारीक, पण सूर जागेवर. दीड ओळ झाली आणि ती थांबली. वर पाहून म्हणाली, "पुढं काय रे?"

मी वही उघडली आणि पुढचे शब्द सांगितले. तिने ते उचलले आणि ओवी पुरी केली. दुसरी धरली. पुन्हा थांबली, "पुढं?" मी सांगितले. अशा सात ओव्या झाल्या. त्या मुद्रणात माझा बसका आवाज प्रत्येक ओवीत आलेला आहे. अभ्यासाच्या दृष्टीने ते मुद्रण बाद ठरेल.

सातवीनंतर ती बराच वेळ गप्प राहिली. मग जात्यावरचा हात काढून तिने माझ्या हातावर ठेवला आणि विचारले, "तू कोण म्हणालास?"

मी सांगितले.