मुक्कामी गाडी

शहरांतील वाचकांस ‘मुक्कामी गाडी’ हा शब्द कदाचित् ठाऊक नसेल. सायंकाळीं तालुक्याच्या ठिकाणाहून निघून जी एस्. टी. रात्रीं आडगांवीं वस्तीस राहते व पहाटे तेथूनच माघारीं फिरते, ती मुक्कामी गाडी. चालक-वाहक देवळाच्या ओसरीवर किंवा गाडींतच पथारी पसरतात. कोणी आपुलकीनें भाकरी-कालवण आणून देतो. १ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर मार्गावर पहिली एस्. टी. धांवली, आमच्या गांवीं ती पोहोंचली तेव्हां माझ्या आजीचें शाळेचें वय उलटून गेलें होतें.

ह्या गाडीचें सारें महत्त्व तिच्या वेळेंत आहे. ती पहाटे गांवांतच उभी असते, म्हणून मुलें पहिल्या घंटेस शाळेंत पोहोंचतात. मुक्काम बंद झाला, कीं पहिली गाडी तालुक्याहून येणार, मग परतणार. तोंवर शाळेचे दोन तास होऊन गेलेले असतात. म्हातारी दवाखान्यांत पोहोंचते तों केसपेपरची खिडकी मिटण्याच्या बेतांत असते. कागदोपत्रीं मात्र गांवास गाडी ‘आहे’! ज्याच्या दारीं मोटारसायकल आहे, त्यास ह्या फरकाची दादही नसते.

शासनानें सवलती दिल्या नाहींत असें नव्हे. अहिल्याबाई होळकर योजनेखालीं मुलींस शाळेचा पास विनामूल्य मिळूं लागला. १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांस अर्धें भाडें झालें. पण न येणाऱ्या गाडीचा पास घेऊन मुलीनें जावें कोठें?

महामारीनंतर ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं शाळा उघडल्या, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस एस्. टी. कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. तुटपुंज्या वेतनावर राबणाऱ्यांच्या त्या गाऱ्हाण्यास मी नांवें ठेवणार नाहीं. परंतु दहावीची परीक्षा मार्चांतच होती. मुलगे सायकलीवरून, वडापच्या जीपमधून येऊं लागले. वडापला पास चालत नाहीं. शिवाय अंधारांत अनोळखी जीपमध्यें मुलीस बसवावयास घरचे धजेनात. माझ्या वर्गांतील एक हुशार मुलगी त्या दिवाळीनंतर आलीच नाहीं. वैशाखांत तिच्या लग्नाची पत्रिका आली.

संप मिटल्यावर आमच्या बाजूस दिवसाची गाडी पूर्ववत् झाली, मुक्काम झाला नाहीं. पालकांनीं अर्ज दिला आहे. तोंवर मी पहिल्या तासास हजेरी घेत नाहीं. तिसऱ्या तासास घेतें.