खोड

आमच्या भागात बैल विकताना त्याची खोड सांगायची रीत होती. मारका असला तर मारका, खांदा टाकत असला तर खांदा टाकतो, पाण्याला बुजत असला तर तेही. सांगोल्याच्या बाजारात दलाल रुमालाखाली बोटं धरून सौदा करायचे. किंमत शेजारी उभ्या माणसाला कळायची नाही, पण खोड मात्र चारचौघांत सांगायची. न सांगता विकला आणि घरी नेल्यावर खोड निघाली, तर घेणारा माणूस बैल घेऊन दारात येऊन उभा राहायचा. त्याला कुणी भांडकुदळ म्हणायचं नाही.

मी अकरा-बारा वर्षांचा असेन. आमच्या वडिलांनी, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, एक खिलार बैल सव्वाचारशेला विकला. आठव्या दिवशी घेणारा बैल घेऊन दारात हजर. म्हणाला, "पाव्हणं, बैल तासात बसतोय. काय केल्या उठंना." आमच्याकडंही तो दोनदा बसला होता. वैरण कमी पडली म्हणून बसला असंल, असं आण्णांना वाटलं होतं, म्हणून ते बाजारात बोलले नव्हते. त्यांनी त्या माणसाला चहा पाजला आणि बैल दावणीला बांधला. पैसे तोवर सोसायटीत भरून झाले होते. मग पेव उकरून ज्वारी काढली, विकली, कमी पडले ते उसने आणले आणि चौथ्या दिवशी चालत जाऊन त्याचे पैसे पोचते केले. पुढच्या साली बहात्तरचा दुष्काळ पडला. खडी फोडायला जाताना आई त्या ज्वारीची आठवण काढायची. आण्णा एवढंच म्हणायचे, "खोड आपल्या बैलाची हुती. तेचा काय दोष?"

हे सगळं मला पुन्हा आठवलं ते मोबाईलमुळं.

२०२४ च्या बकरी ईदच्या बाजारात मी दोन बोकडं विकली. माझ्याकडं साधा मोबाईल होता, बोलण्यापुरता. पण आता शेताचं काम मोठ्या मोबाईलवाचून अडायला लागलंय. ई-पीक पाहणी आली. आपल्या रानात आपणच उभं राहायचं, पिकाचा फोटो काढायचा, तीच नोंद सातबाऱ्यावर चढते. नोंद नसली की नुकसानभरपाईच्या वेळी हेलपाटे सुरू. दरवर्षी शेजारच्या पोराला "चल की रं बाबा जरा" म्हणून विनवायचा मला कंटाळा आला होता. म्हणून तालुक्याच्या गावी जाऊन बारा हजार पाचशेचा मोबाईल घेतला.

दुकानदार म्हणाला, "काका, बिल नको असलं तर पाचशे कमी करतो." मी हो म्हणणारच होतो. पाचशे रुपये म्हणजे दोन रोजाची मजुरी. पण आमच्या मंडळींनी कोपरानं ढोसलं. ती दुकानदाराला म्हणाली, "बिल द्या. म्हशीचा दाखला असतुया, हेचा का नसावा?" दुकानदार हसला. पक्कं बिल दिलं, वर पेढा दिला. "एक वर्ष वॉरंटी. बिनघोर वापरा."

नवव्या दिवसापासून मोबाईल तापायला लागला. खिशात ठेवला की मांडीला चटका. मग बोलता बोलता बंद पडायचा. पाच-दहा मिनिटांनी आपणहून चालू व्हायचा, पुन्हा बंद. दुकानात नेला. त्यानं काहीतरी दाबलं, "अपडेट केलाय, आता चालंल" म्हणाला. दोन दिवस चालला. परत नेला. या वेळी पेढा नव्हता. दुकानदारानं मोबाईल हातातसुद्धा घेतला नाही. भिंतीवरच्या पाटीकडं बोट केलं: 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' आणि म्हणाला, "काका, घेताना चालू होता की. बघूनच घेतलात तुम्ही. आता कंपनीकडं जावा."

कंपनीचं दुरुस्ती केंद्र सोलापूरला. जाऊन-येऊन दिवस मोडतो. पहिल्या खेपेला चार दिवस ठेवून घेतला आणि तसाच दिला. दुसऱ्या खेपेलाही तेच. मधे ऑगस्ट लागला, पीक पाहणी सुरू झाली. बाजरीत उभा राहून मी तो मोबाईल चारदा चालू केला आणि चारही वेळा ऐन फोटोच्या वक्ताला तो बंद पडला. मला हसूच आलं. तासात बसणारा बैल परत माझ्या नशिबी आला होता. शेवटी शेजारच्या पोरालाच हाक मारली. एका मोबाईलवरून बऱ्याच खातेदारांची नोंद करता येते म्हणून बरं, नाहीतर त्या साली माझं रान सातबाऱ्यावर पडीकच दिसलं असतं.

तिसऱ्या खेपेला केंद्रातल्या पोरीनं एक कागद हातात दिला. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, ते तिनंच सांगितलं, "काका, आत पाणी गेलंय. वॉरंटीत बसत नाही. साडेसहा हजार खर्च येईल." मी म्हणालो, "बाई, आमच्याकडं उन्हाळ्यात प्यायला टँकर येतो. पाऊस अजून ढेकूळ विरघळंल एवढा झाला नाही. मोबाईलात पाणी कुठनं गेलं?" ती बिचारी गप्प राहिली. तिचाही दोष नव्हता. तिला वरून जे लिहायला सांगितलं असेल ते तिनं लिहिलं.

घरी आल्यावर मोबाईल फडताळात टाकून दिला. दोन बोकडं लांडग्यानं नेली असं समजायचं, असं ठरवलं. आपल्या शेतकऱ्याला ही सवयच असते. बी उगवलं नाही, नशीब. औषधानं कीड मेली नाही, नशीब. मोटार जळाली, नशीब.

दोन दिवसांनी आमचे निवृत्त गुरुजी पारावर भेटले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "बिल हाय का?" मी हो म्हणालो. "मग नशिबाला का मधी आणतोस?"

गुरुजींनी जे सांगितलं ते मी वहीत लिहून घेतलं, ते इथंही लिहितो, कुणाला तरी उपयोगी पडेल. ग्राहक संरक्षण कायदा आपल्या देशात १९८६ साली झाला. त्याआधी बारा वर्षं, १९७४ ला, पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली होती. म्हणजे ही चळवळ आपल्याच मातीतली. जुना कायदा जाऊन २०१९ चा नवा कायदा आला, तो २० जुलै २०२० पासून लागू आहे. त्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा धरलीय. बिलावर परतीची मुदत लिहिलेली नसेल, तर सदोष माल तीस दिवसांच्या आत परत घ्यायला दुकानदारानं नकार देणं हीही तसलीच प्रथा. म्हणजे ती पाटी माझ्यासारख्याला नुसती भेवडवायला लावलेली. पूर्वी तक्रार करायची तर दुकानदाराच्या किंवा कंपनीच्या जिल्ह्यात जावं लागायचं. आता आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मात्र गेलं पाहिजे.

आधी १९१५ नंबरला फोन केला, शेजारच्या पोराच्या मोबाईलवरून. तो सरकारी हेल्पलाईनचा नंबर. मराठीत बोलता येतं. त्यांनी तक्रार लिहून घेतली, तिला नंबर दिला, कंपनीला कळवलं. काहींचं काम एवढ्यावर होतं म्हणे. माझं झालं नाही. कंपनीनं तेच उत्तर पाठवलं, आत पाणी गेलंय. मग गुरुजींच्या सांगण्यावरून दुकानदाराला आणि कंपनीला रजिस्टर पोस्टानं नोटीस धाडली. पंधरा दिवस वाट बघितली. उत्तर नाही.

अर्ज मी माझ्या हातानं लिहिला. दहावीनंतर एवढं मोठं लिहायची वेळ पहिल्यांदाच आली. गुरुजींनी मसुदा तपासला आणि तीन ठिकाणी लाल रेघ मारली. "दुकानदार लबाड आहे" असं मी लिहिलं होतं. ते म्हणाले, "लबाड हाय का न्हाई ते कमिशन ठरवील. तू फक्त तारखा लिही." मग तारखा लिहिल्या. कधी घेतला, कधी बंद पडला, कितीदा नेला, कोण काय म्हणालं. मोबाईलवर स्टार दाबून, हॅश दाबून शून्य सहा आणि परत हॅश दाबलं की त्याचा आयएमईआय नंबर दिसतो. तो बिलावरच्या नंबराशी ताडून बघितला. बिल, खोक्यातलं वॉरंटी कार्ड, दुरुस्ती केंद्राचे तिन्ही कागद आणि सोलापूरची एस.टी.ची तिकिटं, सगळ्याच्या झेरॉक्स जोडल्या. तिकिटं आमच्या मंडळींनी मिरचीच्या बरणीमागं जपून ठेवली होती, म्हणून सापडली. सोबत प्रतिज्ञापत्र. दुकानदार आणि कंपनी, दोघांनाही सामनेवाले केलं, कारण दोघंही एकमेकांकडं बोट दाखवत होते.

पहिल्या तारखेला पाय लटपटत होते. कोर्ट म्हणजे भावकीची बांधाची भांडणं, हीच माझी ओळख. इथं कुणी ओरडत नव्हतं. माझ्या बाकावर एक बाई वॉशिंग मशीनचा कागद घेऊन बसली होती, शेजारी एक पेन्शनर विम्याच्या पैशासाठी आलेला. एक शेतकरी उगवण न झालेल्या बियाण्याची पिशवीच घेऊन आला होता. त्याच्याकडून कळलं, की बियाणं घेणारा शेतकरीही ग्राहकच असतो, हे सुप्रीम कोर्टानं २०१२ साली राष्ट्रीय बीज निगमच्या खटल्यात सांगितलंय. पण त्याला पिशवी, तिच्यावरचा लॉट नंबर आणि पावती लागते, कृषी खात्याकडून पंचनामा लागतो. मला माझी सोयाबीन आठवली. सगळं रान मोडून दुबार पेरणी केली होती आणि पिशव्या? त्यांत आम्ही शेणखत भरलं होतं.

तारखा पडत गेल्या. काम झटपट होतं असं मी म्हणणार नाही. कायद्यात तीन महिने लिहिलेत, वस्तू तपासायची असली तर पाच. मला त्याहून जास्त लागले. तीन तारखांना तर दुसऱ्या बाजूचं कुणी आलंच नाही. चौथ्या खेपेला कंपनीचा वकील आला. त्यानं पाण्याचंच सांगितलं. अध्यक्षांनी विचारलं, "पाणी गेल्याचा फोटो आहे? तपासणीचा अहवाल?" वकिलानं कागद चाळले. अहवाल नव्हता. दुसरं विचारलं, "पहिल्या दोन वेळी तुमच्याच लोकांनी मोबाईल उघडला. तेव्हा पाणी का दिसलं नाही?"

पुढच्या तारखेला तडजोडीची गोष्ट निघाली. ते म्हणाले, नवा मोबाईल देतो. मी म्हणालो, मोबाईल नको, पैसे द्या. शेवटी मोबाईलचे बारा हजार पाचशे आणि जाण्यायेण्याचे, त्रासाचे तीन हजार ठरले. तसं लिहून झालं, महिन्याच्या आत पैसे खात्यावर आले. हिशोब केला तर माझे मोडलेले दिवस धरून मी तोट्यातच होतो. तरी त्या दिवशी सोलापूरच्या स्टँडवर मी एकट्यानं दोन वडापाव खाल्ले.

इथं गोष्ट संपवता आली असती. पण एक सांगायचं राहिलंय, आणि ते सांगितलं नाही तर मी न खोड सांगता बैल विकल्यासारखं होईल.

"घेताना चालू होता की. बघूनच घेतलात." दुकानदाराचं हे वाक्य ऐकलं तेव्हा रागापेक्षा वेगळंच काहीतरी पोटात हललं होतं. हे बोलणं ओळखीचं होतं. सोलापूरच्या एस.टी.त आठवलं. ते मीच बोललो होतो.

१९८९ साल असेल. आण्णा जाऊन दोन वर्षं झाली होती. विहिरीचं काम निघालं होतं, पैशाची नड होती. मी एक म्हैस विकली. तिच्या एका सडाला दूध येत नव्हतं. धार काढून दाखवताना मी तीन सड पिळले, चौथ्याला नुसता हात लावला. घेणारा शेजारच्याच गावचा. आठ दिवसांनी तो दारात आला. मी त्याला चहासुद्धा पाजला नाही. म्हणालो, "धार बघूनच घेतलीस की." तो माझ्याकडं बघत थोडा वेळ उभा राहिला आणि गेला. कायद्यानं मी काही दुकानदार नव्हतो. पण जे केलं ते तेच होतं, फक्त पाटी नव्हती.

पैसे जमा झाल्यावर पुढच्या बाजारात मी त्याला हुडकलं. आता तो तात्या झालाय, डोळ्याला कमी दिसतं. मी त्याला हॉटेलात नेलं, चहा सांगितला आणि म्हशीचं काढलं. हजार-दोन हजार, काय म्हणशील ते देतो, म्हणालो. तात्या बशीत चहा ओतून बराच वेळ फुंकत बसला.

"आजून ध्यानात हाय व्हय तुझ्या?" म्हणाला. मग बशी खाली ठेवून हसला, तोंडात दात नव्हते. "पैसं कशाचं घिऊ? म्या बी दुसऱ्याच महिन्यात तिला फुडं इकली की. न सांगताच."

मला काय बोलावं सुचलं नाही. आम्ही दोघं चहा पीत बसलो. बाहेर बाजार भरला होता. तो मुका सड घेऊन ती म्हैस अजून किती दावणी फिरली असेल, कोण जाणे.