बाळाचें तोंड कोणीकडे?

एकत्र कुटुंबांत मुलाच्या वाढीचे टप्पे ठरलेले असतात, आणि ते ठरविण्याचा अधिकारहि बहुधा ठरलेला असतो. बारसें बाराव्या दिवशीं, उष्टावण सहाव्या महिन्याच्या सुमारास, जावळ पहिल्या किंवा तिसऱ्या वर्षीं. वडील मंडळी पंचांग पाहून दिवस सांगतात आणि बाकीचीं माणसें तयारीस लागतात. या यादींत अलीकडे एका नव्या टप्प्याची भर पडली आहे. मोटारींत लहान मुलासाठीं जें पट्ट्यांचें आसन बसवितात, ज्यास आतां घरोघर ‘कारसीट’ असेंच म्हणतात, तें आरंभीं मुलाचें तोंड गाडीच्या मागील बाजूस येईल असें लावावें लागतें. पुढें केव्हां तरी तें फिरवून मूल समोर पाहील असें करावयाचें. हें ‘केव्हां तरी’ म्हणजे नक्की केव्हां, याचें उत्तर पंचांगांत सांपडत नाहीं.

आमचा नातू तेरा महिन्यांचा आहे. येत्या महिन्यांत त्याचें जावळ तुळजापुरास काढावयाचें आहे. धाराशिवाहून तुळजापूर वीस-पंचवीस किलोमीटर, आणि तेथून त्याच्या आजोळीं सोलापुरास जावयाचें म्हणजे आणखी सुमारें पंचेचाळीस. या प्रवासाच्या निमित्तानें आमच्या थोरल्या वहिनींनीं विषय काढला. “वर्षाचा झाला, पाऊल टाकूं लागला, आतां तरी त्याला सरळ तोंड करून बसवा. शिक्षा केल्यासारखें पाठमोरें कशाला?” त्यावर सूनबाई इतकेंच म्हणाली, “काकू, अजून नको.” एकीकडे सत्तर वर्षांचा संसाराचा अनुभव, दुसरीकडे पहिलटकरीण आई. घरांत दोन पक्ष पडले आणि निवाडा आमच्याकडे आला. निवाडा देण्यापूर्वीं आम्हीं थोडें वाचलें, आसनावरील चिठ्ठी भिंग लावून पाहिली, आणि नातवाचें मोजमाप घेतलें. त्यांतून जें निष्पन्न झालें, तें आमच्यासारख्या इतर घरांसहि उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें मांडीत आहों.

पाठमोरें बसणें म्हणजे अपमान किंवा अपशकुन, ही समजूत जरा तपासली कीं टिकत नाहीं. आईच्या खांद्यावर टाकलेलें मूल आजवर कोणीकडे पाहात आलें आहे? आई पुढें चालते आणि मूल मागचा रस्ता पाहतें. एस. टी. च्या गाडींत पुढल्या बांकावरील बाईच्या खांद्यावरून आपल्याकडे टक लावून पाहणारें पोर ज्यानें पाहिलें नाहीं, असा वाचक विरळा. टांगे होते तेव्हां मागच्या बैठकीवरील उतारू, मग ते वकीलसाहेब असोत कीं मामलेदार, घोड्याकडे पाठ करूनच कचेरीस जात. त्यामुळें त्यांची अब्रू कांहीं उणी झाली नाहीं. वहिनींना हा टांग्याचा दाखला पटला नाहीं, पण त्या हंसल्या, आणि घरांतील वाद हंसण्यावर आला म्हणजे निम्मा सुटला असें आम्ही समजतों.

उरलेला निम्मा मात्र हंसण्यासारखा नाहीं. पाठमोऱ्या आसनाची कल्पना स्वीडन देशांतील. अंतराळवीर उड्डाणाच्या वेळीं पाठीवर रेलून तो प्रचंड दाब सोसतात, हें पाहून बर्टिल आल्डमान या संशोधकानें तोच न्याय मुलांस लावला, आणि १९६४ सालीं व्होल्व्हो कंपनीच्या मोटारींत पहिल्या नमुन्याची परीक्षा झाली. त्या देशांत मुलें चार वर्षांचीं होईपर्यंत पाठमोरीं बसविण्याची चाल आहे.

यामागील कारण मुलाच्या शरीरांत आहे. नवजात बालकाचें डोकें त्याच्या लांबीच्या सुमारें चौथा हिस्सा असतें. प्रौढ माणसाचें सातवा-आठवा हिस्सा. एवढें जड डोकें ज्या मानेवर तोललेलें असतें, तिचे मणके अद्याप अखंड हाडाचे झालेले नसतात. हाडाचे तुकडे कूर्चेनें जोडलेले असतात, आणि ते एकजीव होण्यास वयाचीं तीन ते सहा वर्षें उजाडतात. आतां गाडी समोर कशावर तरी आदळली असें समजा. गाडी थांबते, पण आंतील माणसें आधींच्याच वेगानें पुढें जात राहतात. समोर तोंड करून बांधलेल्या मुलाचें धड पट्ट्यांनीं अडतें. डोकें अडत नाहीं, आणि त्याचा सारा ओढा त्या कोवळ्या मानेवर येतो. पाठमोरें मूल त्याच क्षणीं आसनाच्या पाठींत दाबलें जातें. डोकें, मान आणि पाठ यांना एकाच वेळीं एकाच फळीचा आधार मिळतो. पाऊल टाकूं लागलेलें मूल आपणांस कणखर दिसतें खरें, परंतु चालतां येणें, दांत येणें, चार शब्द बोलतां येणें यांचा आणि मणके जुळण्याचा कांहीं एक संबंध नाहीं.

वहिनींच्या पक्षांतील कांहींजणांचें म्हणणें असें कीं, हें आसनच नको. मूल आजीच्या मांडीवर सर्वांत सुरक्षित. यावर शब्द खर्च करण्यापेक्षां आमच्या धाकट्या बंधूंनीं एक प्रयोग केला. दहा किलो ज्वारीची पिशवी मांडीवर दोन्ही हातांनीं घट्ट धरून ते पुतण्याच्या शेजारीं बसले, आणि मोकळ्या मैदानांत ताशीं वीस किलोमीटरच्या वेगावर पुतण्यानें ब्रेक दाबला. पिशवी त्यांच्या पायांशीं जाऊन पडली. हें केवळ ब्रेकचें झालें. ताशीं ५० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यांत थांबली, तर गणितानें दहा किलोचें मूल हातांतून सरासरी १४० किलोच्या जोरानें ओढलें जाईल. एवढें वजन धरून ठेवील अशी आजी आम्हांस अद्याप भेटली नाहीं, आणि प्रेमाचें बळ या गणितांत धरतां येत नाहीं.

आतां मुख्य प्रश्न. खरा घोटाळा आसनावरील चिठ्ठींतच आहे. आपल्याकडे मिळणाऱ्या पुष्कळ आसनांवर युरोपांतील जुन्या नियमाप्रमाणें वजनाचे गट छापलेले असतात: पाठमोरें १३ किलोपर्यंत, समोर तोंड करून ९ ते १८ किलो. म्हणजे ९ पासून १३ किलोपर्यंत दोन्ही रीति चालतात असें चिठ्ठी म्हणते. आमचा नातू साडेनऊ किलोचा; तो नेमका या दुभंगलेल्या पट्ट्यांत येतो, आणि बहुतेक घरांतील वाद याच वजनाला सुरू होत असणार. दुकानदार ‘नऊ किलो झाले, फिरवा’ असें सांगून मोकळा होतो. चिठ्ठीचा अर्थ तसा नाहीं. नऊ किलोच्या आंत समोर तोंड करूंच नये, एवढेंच ती सांगते. नऊ भरले कीं केलेंच पाहिजे असें ती कोठेंहि सांगत नाहीं.

पुढें हा नियमहि बदलला. युरोपांत २०१३ पासून जो १२९ क्रमांकाचा नवा नियम आला, त्यांत आसन मुलाच्या उंचीवरून निवडावें आणि पंधरा महिने पुरे होण्याआधीं मूल समोर तोंड करून बसवूंच नये असें ठरलें. पंधरा महिने ही येथेंहि खालची मर्यादा आहे, मुहूर्त नव्हे. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनें २०११ सालीं दोन वर्षांची मर्यादा सांगितली होती. २०१८ सालीं तिनें वयाची अटच काढून टाकली, आणि त्या विशिष्ट आसनाची वजनाची अथवा उंचीची मर्यादा भरेपर्यंत मूल पाठमोरेंच ठेवावें असा सल्ला दिला. आमच्या कायद्यांत २०१९ च्या दुरुस्तीनें १९४ ब हें कलम आलें. चौदा वर्षांखालील मूल पट्ट्यानें किंवा मुलांच्या आसनानें न बांधतां गाडी चालविल्यास एक हजार रुपये दंड त्यांत सांगितला आहे. त्या कलमांत दिशेचा उल्लेख नाहीं. तो विवेक घरच्या माणसांवर सोपविलेला आहे.

हें सारें पाहिल्यावर आम्हांस प्रश्नच उलटा विचारला जात आहे असें दिसून आलें. ‘फिरविण्याइतका मोठा झाला का?’ असें आपण विचारतों. त्याऐवजीं ‘पाठमोऱ्या आसनांत मावेनासा झाला का?’ असें विचारावयास हवें. पहिल्या प्रश्नास प्रत्येकाजवळ निराळें उत्तर असतें, दुसऱ्यास वजनकांटा आणि मोजपट्टी उत्तर देतात. आम्हीं नातवास भिंतीशीं उभें करून पेन्सिलीनें खूण केली: ७६ सेंटिमीटर. आसनांत बसविल्यावर डोक्याच्या वर आसनाची पाठ निदान एक इंच उरावी असा संकेत आहे. त्याच्या डोक्यावर अजून चार बोटें जागा उरते. वजनांतहि साडेतीन किलोची सवड आहे. तेव्हां त्याला फिरविण्याचें कारणच आज अस्तित्वांत नाहीं.

पायांविषयींची काळजी आम्हांस प्रामाणिक वाटली. पाठमोऱ्या मुलाचे पाय मागच्या बैठकीस टेकतात, दुमडतात. पाहणाऱ्याला तें अवघडल्यासारखें दिसतें. पण जें मूल दिवसभर पाटावर मांडी घालून किंवा उकिडवें बसून खेळतें, त्याला दुमडलेल्या पायांचें काय कौतुक? मागून गाडीनें ठोकर दिली तर काय, असें चिरंजीवांनीं विचारलें, आणि तो प्रश्न योग्य आहे. मागून येणारी गाडी बहुधा त्याच दिशेनें चाललेली असते, म्हणून दोहोंच्या वेगांतील फरकाएवढाच धक्का सामान्यतः बसतो. समोरची धडक अधिक वेळां होते आणि अधिक जबर असते. आमच्या जिल्ह्याच्या रस्त्यांवर तर समोर काय उभें असेल याचा नेमच नाहीं. गाळपाच्या हंगामांत उसाच्या ट्रॉल्या रात्रीं मागें दिवा नसतांना चालतात. कोजागिरीच्या सुमारास सोलापुराकडून तुळजापुरास पायीं येणाऱ्या भाविकांनीं रस्ता फुललेला असतो. धुळें-सोलापूर महामार्ग रुंद झाल्यापासून वेग वाढला, पण कडेच्या गांवांतून आडवी येणारी म्हैस कांहीं वाढलेल्या वेगाचा विचार करून येत नाहीं.

रडण्याचें काय, हाहि एक मुद्दा होता. मूल पाठमोरें आहे म्हणून रडतें कीं एकटें वाटतें म्हणून, हें आधीं पाहावें. या बाबतींत एकत्र कुटुंबाचें भाग्य मोठें. परदेशीं राहणारीं जोडपीं मागच्या बैठकीवर आरसा टांगून मुलाचा चेहरा न्याहाळतात. आमच्याकडे शेजारीं बसावयास आजी आहे, आत्या आहे, आणि दोघींना गाणीं पाठ आहेत. पाठमोऱ्या मुलाला शेजारचें माणूस उलट अधिक चांगलें दिसतें. मात्र शेजारणीनेंहि आपला पट्टा लावला पाहिजे. न बांधलेलें मोठें माणूस धडकेंत मुलाच्याच अंगावर जाऊन आदळतें.

एक गोष्ट थोडी स्पष्टपणें लिहावीशी वाटते. आसन फिरवा म्हणणाऱ्यांत बहुतेकांस मुलाचें तोंड पाहावयाचें असतें. ही हौस प्रेमाची आहे. तिला आम्ही नांवें ठेवीत नाहीं. परंतु ती मुलाची गरज म्हणून मांडली जाते, आणि मग आठ माणसांच्या हौसेपुढें एकट्या आईचा आवाज बारीक होतो. तापाच्या औषधाचा डोस आपण घरांत मतें मोजून ठरवीत नाहीं. आसनाची दिशा त्याच वर्गांतील बाब आहे. म्हणून आम्हीं निवाडा असा दिला कीं, यापुढें या विषयांत वडीलकी चालावयाची नाहीं; सूनबाई सांगेल तें प्रमाण, आणि तिनें तें मोजपट्टीवरून सांगावें. वहिनींनीं मान डोलविली, पण पुढच्या आठवड्यांत पुन्हां विचारीन असेंहि सांगून ठेवलें. त्यांनीं खुशाल विचारावें. मोजपट्टी तेथेंच टांगलेली आहे.

दिशेइतकेंच महत्त्व बांधण्याला आहे, म्हणून दोन-चार बारीक गोष्टी सांगतों. पाठमोऱ्या मुलाचे पट्टे खांद्यांच्या पातळींत किंवा किंचित् खालून निघावे. पुढें कधीं आसन फिरवाल तेव्हां ते खांद्यांच्या पातळींत किंवा वरून निघाले पाहिजेत. थंडींत कुंची आणि जाड दुपट्यांत गुंडाळून बांधलेलें मूल घट्ट दिसतें, पण धडकेंत कापूस दबतो आणि पट्टा सैल पडतो. तेव्हां आधीं पट्टा, आणि दुपटें वरून पांघरावें. चालकाशेजारीं, जेथें एअरबॅग चालू असते तेथें, पाठमोरें आसन कदापि ठेवूं नये. ती फुगली तर आसनाच्या पाठीवरच आघात करते. चैत्र-वैशाखांत आमच्याकडे उन्हांत उभ्या केलेल्या गाडींतील पट्ट्याचें धातूचें कुलूप चटका देण्याइतकें तापतें, तें हात लावून पाहावें. आणि मूल बंद गाडींत क्षणभरहि एकटें ठेवूं नये, हें कोणत्याहि ऋतूंत.

आतां एकच काम राहिलें आहे. सोलापुरास आजोळच्या गाडींत निराळ्या कंपनीचें आसन आहे, आणि त्याच्या मामांनीं तें हौसेनें आधींच समोर तोंड करून बसविलें असल्याचें कळतें. प्रत्येक आसनाची मर्यादा वेगळी असते. कांहीं आसनें १८ किलोपर्यंत पाठमोरीं ठेवतां येतात. म्हणून सूनबाईनें भावाकडून त्या आसनाच्या चिठ्ठीचें छायाचित्र मोबाईलवर मागविलें आहे. तें आलें म्हणजे तिकडचें आसन फिरविण्यास तिचा भाऊ पाने-पक्कड घेऊन बसणार आहे.