पुण्याची थंडी आणि घरची गोधडी

दिवाळी सरली की पुण्याची हवा पालटते. डिसेंबर-जानेवारीत काही रात्री पारा १० अंशांच्याही खाली उतरतो आणि फजरच्या वेळी शहाबादी फरशीवर पाय ठेववत नाही. घरोघरी पेट्या उघडतात, गोधड्या-रजयांना ऊन दाखवले जाते. यंदा आम्ही ठरवले, की हिवाळ्यासाठी घर सजवायचे ते घरातल्याच जुन्या कापडाने, आणि टाके आपल्याच हातचे असावेत.

आधी सामान आणायला पेठांमध्ये गेलो. पुण्याच्या जुन्या भागात हुन्नराची नावे अजून पत्त्यांत टिकून आहेत. कसबा पेठेत तांबट आळी आणि कागदीपुरा. गंज पेठेत, म्हणजे आजच्या महात्मा फुले पेठेत, मोमीनपुरा. मोमीन ही विणकरांची बिरादरी. रविवार पेठेतल्या कापडगंजातून आम्ही अस्तराचे सुती कापड घेतले आणि बोहरी आळीतून जाड दोरा व सुया.

मग कापूस. ‘गादी कारखाना’ अशी पाटी पुण्यात अनेक ठिकाणी दिसते. हे काम पिढ्यान्‌पिढ्या करणारे आपले पिंजारी बांधव. कुठे त्यांना मन्सुरी म्हणतात, कुठे नदाफ. बगदादमध्ये इ.स. ९२२ मध्ये सुळावर गेलेले सूफी मन्सूर अल-हल्लाज यांच्याशी ही बिरादरी आपले नाव जोडते; हल्लाज म्हणजेच कापूस पिंजणारा. आमच्या लहानपणी पिंजारी धुनकी खांद्यावर टाकून गल्लीत येई आणि तिच्या तातीच्या आवाजावरून थंडी आल्याचे कळे. आता पिंजण्याचे काम यंत्र करते. आम्ही गेलो त्या दुकानातल्या चाचांनी जुन्या रजईचा कापूस तासाभरात पिंजून दिला. मुलगा या धंद्यात येणार नाही, असे ते सहज सांगून गेले.

रजईत कापूस भरतात, गोधडीत मात्र कापडावर कापड. वापरून मऊ झालेल्या सुती साड्या, ओढण्या, लुंग्या धुऊन, इस्त्री करून जमिनीवर अंथरायच्या. कोपऱ्यांवर वजन ठेवायचे, मोठे कच्चे टाके घालून थर पक्के करायचे आणि मग बारीक धावदोरा. कडेपासून सुरुवात करून चौकोनात चौकोन घेत मध्यापर्यंत यायचे. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूर भागातल्या सिद्दी स्त्रियाही आपली ‘कवंदी’ अशीच कडेकडून आत शिवत नेतात. त्यांच्यात मुसलमान, हिंदू, ख्रिस्ती सगळ्या आहेत. कवंदीच्या चारही कोपऱ्यांवर त्या घडी घातलेल्या चिंध्यांचे त्रिकोण लावतात आणि त्यांना फुले म्हणतात. ही फुले आम्ही त्यांच्याकडून उचलली.

आमच्या घरी हे काम येते ते अम्मींना. अब्बांच्या इंतकालनंतर त्यांचे बहुतेक कपडे गरजूंना दिले; दोन सुती लुंग्या तेवढ्या अम्मींनी पेटीत ठेवल्या होत्या. त्या त्यांनी स्वतःच काढून दिल्या आणि म्हणाल्या, “कपाटात ठेवून काय करायचे? कामात येऊ द्या.” त्यांची नजर आता अधू झाली आहे. सुईत दोरा आम्ही ओवायचा, टाका त्यांनी सांगायचा, असे चालले. टाका वाकडा गेला तर त्यांना बोटांनीच कळतो.

त्या लुंग्यांची एक जाड जानमाज झाली; आत पातळ कापूस, वर निळ्या चौकड्या. पहाटेच्या नमाजला गुडघ्यांना तिचा मोठा आधार होतो. मुलींच्या जुन्या ओढण्यांमधून दस्तरखान शिवला, तक्क्यांना अभ्रे झाले, किटलीसाठी टोपडे आणि उरलेल्या मऊ तुकड्यांचे कुरआन शरीफसाठी जुजदान. बैठकीच्या भिंतीवर एक छोटी गोधडी लावली. नक्षीसाठी चांदण्या, वेल, जाळी आणि चौकडा पुरेसा होतो. हजरत आयेशा (रजि.) यांनी चित्रांचा पडदा कापून त्याच्या उशा केल्या, ही हदीस आपल्याला ठाऊक आहेच. सजावटही झाली आणि कापडही वाया गेले नाही. इसराफ टाळायचा म्हणजे घर उदास ठेवायचे, असे थोडेच आहे?

एक हिशेब मात्र सर्वांना सांगावासा वाटतो. त्या एका जानमाजला आम्हाला रोज दोन तास असे नऊ दिवस लागले. म्हणजे १८ तास. पूर्ण मापाच्या गोधडीला किती लागत असतील? ‘गोधडी शिवायचीय का’ म्हणत गल्लीत येणाऱ्या बाईशी आपण शंभर-पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो. साडी आपली, दोरा आपला, मग एवढे कशाचे, असे विचारतो. ती त्या तासांचे मागते. तिच्या डोळ्यांचे आणि कमरेचे मागते. स्वतः एक वीतभर तुकडा शिवून पाहिला की मजुरी कमी करायला जीभ रेटत नाही.

शाळेला नाताळची सुटी लागेल तेव्हा मुलामुलींना, हो, मुलांनाही, दादी-नानीजवळ बसवा. मोठी गोधडी नको. चहाच्या भांड्याखाली ठेवायचा चौकोन पुरे. तीन थर, एक सुई, धावदोरा. कापड घरात आहेच. शिकवणारे हात घरात आहेत, तोवर हा सलीका पुढच्या हातांत जाऊ द्या.