सुर्बारानच्या चित्रातल्या खोडलेल्या रताळ्यांस

प्रिय रताळ्यांनो,

स. न. वि. वि.

तुमच्या शेजाऱ्यांचं कौतुक सगळेच करतात. डावीकडे ताटलीत खडबडीत सालीची पिवळी महाळुंगं (जग त्यांना लिंबं म्हणतं, म्हणो बापडं), मधे करंडीत पानाफुलांसकट संत्री, उजवीकडे पाण्याचा पेला आणि गुलाब. मागे मिट्ट काळोख. सेव्हिलच्या मठांसाठी संत रंगवणाऱ्या फ्रान्सिस्को द सुर्बारानचं सही आणि साल असलेलं हे एकमेव ज्ञात वस्तुचित्र. साल १६३३. आता मुक्काम कॅलिफोर्नियात, पॅसाडेनाच्या नॉर्टन सायमन संग्रहालयात.

तुम्ही सापडलात ते क्ष-किरणांमुळे. साखरेत पाकवलेली, ताटलीत नीट मांडलेली. मग त्याच हाताने तुमच्यावर रंग फिरवला.

जाणकार सांगतात, हे चित्र म्हणजे मेरीची पूजा. संत्र्याची फुलं तिच्या पावित्र्याची, गुलाब तिचाच, तीन गट म्हणजे त्रैक्य. असेल. पण तुम्ही त्या अर्थात बसत नव्हता म्हणून, केवळ धर्मासाठी तुम्हाला उठवलं, हे मला पटत नाही. तुम्हाला पाहून हात पुढे गेला असता. त्याच्या थोडं आधी माद्रिदमध्ये चित्रकार व्हान देर हामेन मिठाईचे डबेच्या डबे रंगवत होता. त्याने तुम्हाला आनंदाने ठेवलं असतं. सुर्बारानच्या टेबलावर मात्र काही कापलेलं नाही, सोललेलं नाही, कुणी चाखलेलं नाही. भूक बाहेर ठेवली की महाळुंगाच्या सालीवरचा एकेक उंचवटा दिसू लागतो, ताटलीत पडलेलं पिवळं प्रतिबिंब दिसतं, आणि दोन वस्तूंमधल्या काळ्या जागेलाही वजन येतं. त्या जागेसाठी तुमचा बळी गेला. चित्रकार म्हणून त्याचं बरोबरच होतं, हे तुम्हाला तोंडावर सांगणं जड जातं, पण सांगतो.

गंमत अशी की तुम्ही मूळची अमेरिकेची, स्पॅनिश जहाजांतून युरोपात आलेली; महाळुंग आमच्याकडून पश्चिमेला गेलेलं. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात तेच आहे. म्हणजे देवाजवळची जागा त्याने दोन्हीकडे पटकावली. तुम्हीही पुढे आमच्याकडे पोचलात आणि थेट उपासाच्या ताटात बसलात. सेव्हिलमध्ये ज्या सोवळ्यातून उठवलं म्हणतात, तेच सोवळं इथे तुमच्यावाचून अडतं. येत्या एकादशीला तुमचा कीस करणार आहे, तूप-जिऱ्याची फोडणी देऊन. राग नसावा.

कळावे,
आपला एक उपासकरी